नियमवाल्या बाईंमार्फत

९ जानेवारी

प्रिय तपासनीस,

तुझ्या ऑफिसचं पाकीट मिळालं. आत चार पानी नियम आणि तुझी दोन ओळींची चिठ्ठी. खरं सांगू, चिठ्ठीपेक्षा नियमच जास्त मायेचे वाटले. त्यांत निदान 'आपल्या पत्नी' असा उल्लेख तरी आहे.

मला समजलं ते असं. आमची बँक तुमच्या सामाईक ऑफिसच्या तपासणीत आली. तू त्या ऑफिसात, मी या बँकेत. म्हणून तपासणी संपेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, आपला फोन बंद आणि भेट बंद. पत्रं चालतील, कारण पत्र तिसऱ्याला वाचता येतं. माझी पत्रं आधी तुमच्याकडच्या नियमवाल्या बाई वाचणार, बँकेचं काही आलं असेल तर त्यावर काळी शाई फिरवणार आणि मग उरलेली बायको तुला मिळणार. तुझी पत्रंही त्यांच्याच हातून माझ्याकडे येणार. बारा वर्षांच्या संसारात आपल्यात तिसरं कोणी आलं नव्हतं, आता आलं ते शिक्का घेऊन. नमस्कार बाई. माझं अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या.

चिडले आहे, पण नियमावर नाही. चार वर्षांपूर्वी सात देशांत एकाच आठवड्यात बँकांची दारं बंद झाली, तेव्हा आपण दोघांनी काय काय पाहिलं ते मी विसरलेले नाही. पैसा एका बटणावर सीमा ओलांडून पळत होता आणि त्याच्यामागे धावणारे तुझ्यासारखे तपासनीस सीमेवर कागद दाखवत उभे होते. तपासणारे आणि तपासले जाणारे एकाच टेबलावर जेवत होते ते वेगळंच. म्हणून सातांनी मिळून एक ऑफिस काढलं, एक नियमावली केली आणि तुला बोलावणं आलं. 'जा' असं मीच म्हणाले. म्हणजे रागवायचं तर स्वतःवरच, आणि त्यात काही मजा नाही.

आपलं ठरलंय ते पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे तुला विसरता येणार नाही. तपासणी संपली की मी राजीनामा देणार आणि जुलैत तुझ्याकडे येणार. तिथे मला बँकेत काम मिळणार नाही, कारण सातही देशांतल्या बँका आता तुझ्या ऑफिसच्या देखरेखीखाली. चालेल. दुसरं काहीतरी बघेन, किंवा काही दिवस नुसती तुझ्याकडे बघत बसेन. जुलै. बाई, हे महिन्याचं नाव आहे, याला शाई लावू नका.

आई ठणठणीत आहेत. तू फोन करणार नाहीस म्हणून रुसल्यात. 'मी कुठे बँकेत नोकरी करते?' म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही सुनेबरोबर राहता ना, तोच गुन्हा.

तुझी,
संबंधित व्यक्ती
(नियम तीनमध्ये मला असं म्हटलंय)

६ फेब्रुवारी

प्रिय,

तुझं पत्र आलं. पाच ओळी काळ्या, चार वाचण्यासारख्या, त्यातली एक हवामानाची. काळ्या ओळी खिडकीपाशी उजेडाला धरून पाहिल्या. बाईंची शाई पक्की आहे, कौतुकच करायला हवं.

तू विचारलंस की माझ्या जानेवारीअखेरच्या पत्रात 'हल्ली रात्री' या शब्दांनंतर एक ओळ काळी होती, तिथे काय होतं. इतकंच होतं की मला झोप येत नाही. तपासणीतल्या बँकेतल्या बाईला झोप येत नाही ही तुमच्याकडे बाजार हलवणारी बातमी ठरत असेल. बाई, मला झोप येत नाही ती नवरा शेजारी नसल्यामुळे, बँकेमुळे नाही. एवढं खुलासा म्हणून तरी पोचू द्या.

कामाचं लिहायला बंदी, पण तपासणीचा प्रश्न तुमच्याच ऑफिसने वर्तमानपत्रात छापलाय, मग तो लिहायला काय हरकत आहे. 'एका आठवड्यात एकतृतीयांश ठेवीदार पैसे काढायला आले, तर बँक काय करील?' या प्रश्नाचं उत्तर तयार करण्याचं काम माझ्याकडे आणि टाचणीकडे आलंय. टाचणी म्हणजे शेजारच्या टेबलावरची, बारीक आणि टोचून बोलणारी, तुझ्या निरोप समारंभात तुला 'पळपुटा' म्हणाली होती ती. तर आम्ही दोघी दिवसभर बसून वाईट दिवसाची कल्पना करतो आणि त्याचा पगार घेतो. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'ते तर तू घरी फुकट करायचीस.'

पहिल्या दिवशी कोण येईल? टाचणी म्हणते, पेन्शनवाले, ते लवकर उठतात. दुसऱ्या दिवशी दुकानदार. तिसऱ्या दिवशी ज्यांना पैसे नकोत तेसुद्धा, कारण रांग दिसली. मी विचारलं, आणि सुरुवात कशाने होईल? ती म्हणाली, 'ते फॉर्मात विचारलेलं नाही. विचारलंय तेवढं लिही.'

इथे थंडी अजून आहे. तुझा जाड कोट मी घालते, बाह्या दुमडून. तुला नेऊ दिला नाही ते बरंच केलं.

तुझी

१७ मार्च

प्रिय,

आज आईंनी मला चांगलंच पेचात पकडलं. जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, 'अगं, माझं पेन्शन तुमच्या बँकेत येतं, ते राहू देऊ ना तिथेच?'

आता काय बोलू? 'ठेवा' म्हणावं तर तो सल्ला झाला. 'काढा' म्हणावं तर काय होईल ते तुला सांगायला नको. 'मला सांगता येत नाही' म्हणावं, तर त्याचा अर्थ जगातला प्रत्येक माणूस 'काढा' असाच घेतो. मी म्हटलं, 'मीठ कमी झालंय का?' त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तुझी ती नजर कुठून आली ते मला तेव्हा कळलं. मग म्हणाल्या, 'मीठ बरोबर आहे.' आणि विषय संपला.

पैसे त्यांनी काढले नाहीत. का, ते मी विचारलं नाही. पण त्यांच्यासमोर तोंडाला कुलूप लावून बसताना मला स्वतःची लाज वाटली. बारा वर्षं त्यांच्या हातचं जेवतेय, आणि त्यांच्या म्हातारपणाच्या पैशांबद्दल मी मिठाची गोष्ट करते. तू म्हणशील, नियम सगळ्यांना सारखा. मला माहीत आहे रे. सारखा आहे म्हणूनच बोचतो.

तू वर्तमानपत्रातल्या चुकलेल्या टक्केवाऱ्या पेन्सिलीने दुरुस्त करायचास. आता चुका तशाच रद्दीत जातात. आणि रस्ता ओलांडताना तू माझं मनगट धरायचास, हात नाही, मनगट, जशी काही मी पळूनच जाणार आहे. काल चौकात मी माझंच मनगट धरून उभी होते. शेजारची बाई टक लावून बघायला लागली तेव्हा लक्षात आलं आणि मी घड्याळ बघत असल्याचं सोंग केलं. घड्याळ दुसऱ्या हातात होतं.

मला तुझी फार आठवण येते. बाई वाचताहेत हे माहीत असूनही लिहिते. त्यांनाही कोणाची तरी येतच असेल.

तुझी

२२ एप्रिल

प्रिय,

घर मिळाल्याचं वाचलं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्राम दिसते. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे ते तू मलाच विचारतोस. पत्र वाचून मी चक्क गाणं म्हणत भांडी घासली, आई स्वयंपाकघरातून पळाल्या. पडदे पांढरे घे, बाकी मी आल्यावर बघू.

आता इथली गंमत ऐक, गंमत म्हणायची तर. सगळ्या गल्लीला माहीत आहे की नवरा बँका तपासतो आणि बायको बँकेत आहे. त्यामुळे माझ्याकडे बघून लोक बँकेचं भविष्य सांगतात. मी नवा मिक्सर घेतला तर 'बँक टिकते बरं का'. सर्दी होऊन दोन दिवस घरी बसले, तर आपल्या खालच्या चष्मेवाल्याने ठेव मोडली. खरंच मोडली, दंड भरून. मी कामावर परत गेल्यावर पुन्हा ठेवली आणि तोंड वर करून मलाच म्हणाला, 'वहिनी, शिंकायचं असेल तर आधी सांगत जा.' मी त्याला फाडून खाणार होते, पण चेहरा हसरा ठेवला. हल्ली मी चेहरासुद्धा जपून वापरते. पायऱ्या सावकाश उतरते. घाईत दिसले तरी कोणीतरी पैसे काढेल.

चार वर्षांपूर्वी पोळलेली माणसं आहेत, त्यांना हसायचं तरी कसं. चष्मेवाल्याच्या मुलीचं शिक्षण तेव्हा वर्षभर थांबलं होतं.

सीमेवरचा आडवा दांडा काढून टाकल्याचा फोटो पेपरात आला. ट्रक आता न थांबता जातात. सात देशांचे ट्रक, टोमॅटो, पैसे, सगळं या बाजूचं त्या बाजूला बिनधास्त फिरतंय. अडकलोय ते आपण दोघं. हे मी तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. बरं, तक्रार म्हणूनच लिहिलंय.

तुझी

१९ मे

प्रिय,

राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख घातलेली नाही. बँकेतल्या कोणाला माहीत नाही, टाचणीलासुद्धा नाही.

आई तुझ्या ताईकडे राहायला जातील. मी विचारलं तेव्हा लगेच 'हो' म्हणाल्या. फारच लगेच म्हणाल्या. मग बराच वेळ डब्यांची झाकणं पुसत बसल्या. 'तू जा गं, नवरा-बायकोने एकत्र राहावं,' म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीही चला. तर म्हणतात, 'ट्राम बघायला? ताईकडे बस दिसते, तेवढी मला पुरे.'

आता दिवस मोजत नाही, कारण मोजले की संपत नाहीत. तुझ्या मागच्या पत्रात एकही काळी ओळ नव्हती. मी ते तीनदा वाचलं आणि मग लक्षात आलं की त्यात तसं काही नव्हतंच. तुझी दाढ दुखते, जिन्यातला दिवा गेलाय, मी आल्यावर आपण पहिल्या रविवारी नदीवर जाऊ. एवढंच. बाईंना गाळण्यासारखं काही सापडलं नाही. मला सगळं सापडलं.

तुझी

१२ जून

प्रिय,

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी पेपरातून तुला कळलं असेल की आमच्या बँकेपुढे मंगळवारी रांग लागली होती. पेपरात कारण दिलेलं नाही. कारण मी.

बँकेसमोरच्या दुकानात बॅगांचा सेल होता. मोठी निळी चाकांची बॅग, निम्म्या किमतीत. जेवणाच्या सुट्टीत गेले आणि घेतली. इतकी खूष होते की डोकं चालवायचं राहूनच गेलं. पाच महिने चेहरा जपणारी मी, भर दुपारी ती बॅग ओढत बँकेत शिरले. मागच्या दाराला रंग देत होते, म्हणून पुढच्या दाराने, पैसे भरायच्या खिडक्यांसमोरून. त्या फरशीवर चाकांचा काय आवाज झाला म्हणून सांगू. सगळ्यांनी मान वळवून बघितलं. खिडकीपाशी चष्मेवाला उभा होता. त्याने बॅगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पैसे भरायची स्लिप खिशात घालून बाहेर गेला.

दोन तासांत रांग बसथांब्यापर्यंत गेली. टाचणी जिन्यात भेटली. 'पेन्शनवाले पहिल्या दिवशी म्हटलं होतं ना, आलेत,' म्हणाली. 'दुकानदार दुसऱ्या दिवशी म्हटलं होतं, तेही आजच आलेत. तेवढं चुकलं.' मोठे साहेब खाली आले, त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. 'बाई, बॅगच घ्यायची होती तर रविवारी घ्यायची ना.' मी म्हटलं, सर, तुम्ही लोकांना सांगा की पैसे सुरक्षित आहेत. ते म्हणाले, 'तपासणी चालू असताना बँकेच्या तब्येतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तुमच्याच यजमानांच्या ऑफिसचा नियम.' आणि खरंच आहे. 'पैसे आहेत' एवढं वाक्य आमच्यापैकी कोणालाही म्हणता येत नव्हतं. चार महिने ज्या वाईट दिवसाचं गणित मी मांडत होते, तो दिवस दारात उभा होता आणि माझ्याकडे बोलायला एक शब्द नव्हता.

मी बाहेर गेले, निदान लोकांना पाणी तरी देऊ म्हणून. तर रांगेत आई.

एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. दम लागलेला. मी म्हटलं, 'आई, तुम्ही? पेन्शन काढायला आलात?'

'पेन्शनला काय करायचंय,' म्हणाल्या. 'चष्मेवाल्याची बायको सांगत आली, तू बॅग घेऊन निघालीस म्हणून. न सांगता चाललीस का ते बघायला आले. आत सोडेनात. म्हणाले, रांगेत या. म्हणून रांगेत आले.'

आजूबाजूचे सगळे गप्प झाले होते. तुला माहीत आहे ती शांतता, आपण चार वर्षांपूर्वी ऐकली होती. दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणू शकले असते, 'आई, आज नाही हो, जुलैत जायचंय, तुम्हाला सांगितलंय ना.' ते खरं होतं. पण 'जुलै' हा शब्द तिथे उच्चारला असता तर रांग दुप्पट झाली असती, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या शाखांपुढेही लागली असती.

मी म्हटलं, 'आई, मी कुठेही जात नाही.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या खोटं बोलत नाहीत आणि त्यांना ऐकायलाही आवडत नाही. सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात विचारलं, 'जुलैतही नाही?'

मी म्हटलं, 'जुलैतही नाही.'

मग मी आत जाऊन ती बॅग आणली, सगळ्यांसमोर उघडून रिकामी दाखवली आणि आईंना तिच्यावर बसवलं, कारण त्यांचे पाय दुखत होते. मी शेजारी उभी राहिले. चष्मेवाला पुढे आला आणि हळूच विचारलं, 'वहिनी, पुढच्या वर्षी?' मी म्हटलं, 'तुमच्या मुलीचं लग्न बघूनच जाईन.' काही जण हसले. काहींनी पैसे काढलेच, त्यांना खिडकीवर शेवटच्या नोटेपर्यंत दिले. पण मागून रांग विरळ होत गेली आणि बंद व्हायच्या वेळी फुटपाथ मोकळा होता. टाचणी माझ्याजवळ आली. मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. ती आईंसाठी रिक्षा बघायला गेली.

मी खोटं बोलले असं समजू नकोस. तोंडातून निघेपर्यंत ते खोटं होतं, निघाल्यावर खरं झालं. मी आता जुलैत निघाले तर तीच माणसं पुन्हा येतील आणि त्या वेळी त्यांचं बरोबर असेल. निकाल काय लागणार ते मला माहीत नाही, तुला माहीत असलं तरी सांगू नकोस. चांगला लागला तरी बँकेला अंगात ताकद यायला दोन-तीन वर्षं जातील. तेवढा काळ मला रोज पुढच्या दाराने, सावकाश, रिकाम्या हातांनी आत जाताना लोकांना दिसायला हवं. त्यांना मी दुसरं काही देऊ शकत नव्हते. स्वतःलाच ठेव म्हणून ठेवून आले.

राजीनामा फाडला. ते करताना रडले, हेही लिहिते.

बाई, यातलं काहीही गाळू नका. बँकेबद्दल जे लिहिलंय ते दोनशे लोकांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे, आणि उरलेलं बँकेबद्दल नाही.

घरी जाताना आई रिक्षात बॅग मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, 'मी विचारायला नको होतं जुलैचं.' मी म्हटलं, विचारलंत म्हणून लोकांना पटलं. मग म्हणाल्या, 'त्याला कोण सांगणार?' मी म्हटलं, मीच. 'नुसतं सांगणार, की मागणार काही?'

म्हणून मागते. बारा वर्षांत मी तुला 'जा' म्हणाले, 'सांभाळून राहा' म्हणाले, 'माझं बरं चाललंय' म्हणाले. 'ये' असं कधी म्हणाले नाही, कारण तुझं काम मोठं. ते अजूनही मोठंच आहे, मी रोज त्याच्याच फॉर्मांशी झगडते, मला कळतं. तू आलास तर तुला ते सोडावं लागेल, आणि मी या बँकेत आहे तोवर इथेही बँकांच्या तपासणीजवळ फिरकता येणार नाही. म्हणजे जे मी सोडणार होते तेच मी तुझ्याकडे मागते आहे. मागताना लाज वाटते. तू माझ्याकडे मागितलंस तेव्हा तुला वाटली होती की नाही, मला माहीत नाही. नोकरी सोडायची होती ती मी, म्हणून आपण त्याला 'ठरलेलं' म्हणत राहिलो.

तू 'नाही' म्हणालास तर मी समजून घेईन असं लिहायला हवं. लिहीत नाही. समजून नाही घेणार. चिडेन, आईंशी भांडेन, दुसऱ्या दिवशी हसऱ्या चेहऱ्याने बँकेत जाईन आणि चष्मेवाल्याला कळणारसुद्धा नाही.

तू ये.

तुझी